सोलरची सबसिडी: आधी लाइट बिलावरचं नाव वाचा

(घरातल्या विजेबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात उत्तरं दिली जातात. उत्तरं देणारे आयटीआयमधून निवृत्त झालेले वायरमन ट्रेडचे निदेशक आहेत.)

या खेपेला गिझरचा शॉक आणि पंख्याची कुरकुर यांना सुट्टी. पत्रं जवळजवळ सगळी छपरावरच्या सोलरची आहेत, आणि त्यातही सबसिडीची. ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली. उद्दिष्ट एक कोटी घरांचं, मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत. प्रत्येक उत्तरात तेच आकडे उगाळायला नकोत म्हणून सबसिडीचा हिशेब आधीच देऊन टाकतो: पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, त्यापुढे काही नाही. एक किलोवॉटला ३०, दोनाला ६०, तिनाला ७८ हजार. आणि हौसेने दहा बसवलेत तरी ७८ हजारच.

प्रश्न: माझे पती २०१९ मध्ये वारले. घर स्लॅबचं आहे, गच्ची मोकळी आहे. लाइट बिल अजून त्यांच्याच नावावर येतं. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो सोलर बसवून टाक. गावातला एक एजंट पाच किलोवॉट घ्या, सबसिडी ७८ हजार मिळेल, असं सांगतो. आमचा वापर थंडीत १४०-१५० युनिट, मे महिन्यात ३०० च्या आसपास जातो. काय करावं?
— श्रीमती र. जा., विटा

उत्तर: ताई, एजंटला पुढच्या महिन्यात या म्हणून सांगा. तुमचं पहिलं काम गच्चीवर नाही, बिलावर आहे.

अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो, आणि ग्राहक म्हणजे बिलावर ज्याचं नाव छापलंय तो. सबसिडीही अर्जदाराच्याच बँक खात्यात येते. नवरा जाऊन पाच-सहा वर्षं झाली तरी बिल त्याच्या नावावर येतंय, अशी घरं आपल्याकडे गल्लीगल्लीत आहेत. बिल वेळेवर भरत गेलं की कोणी विचारत नाही, आणि आपणही ‘राहू दे त्यांचं नाव’ म्हणतो. सोलरच्या अर्जात मात्र ते नाव आडवं येतं. तेव्हा आधी नावबदलाचा अर्ज करा. महावितरणच्या ऑनलाइन सेवेतून होतो, नाहीतर उपविभागीय कार्यालयात जाऊन. मृत्यू दाखला, घराच्या मालकीचा कागद (नगरपालिका हद्दीत असाल तर घरपट्टीची पावती, वाडीवस्तीवर असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा) आणि मुलाची म्हणजे बाकीच्या वारसांची लेखी संमती तयार ठेवा. जुनी थकबाकी असेल तर तीही आधी मिटवा. मुलगी लग्न होऊन गेलेली असली तरी तीही वारस आहे. तिची सही नंतर घेऊ म्हणून ठेवू नका.

नवीन नावाचं बिल हातात आलं की ते आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक यांच्या शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकात ‘रत्नाबाई’, दुसऱ्यात ‘रत्ना’, तिसऱ्यात वडिलांचं आडनाव, असं असेल तर आत्ताच सारखं करून घ्या. नंतर पैसे अडकतात ते इथेच.

आता किती किलोवॉट. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे खांब छापलेले असतात. बारा महिन्यांचे आकडे मांडून बेरीज करा. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून ती २,२०० ते २,४०० युनिटच्या घरात जाईल. आपल्या भागात एक किलोवॉटचं सोलर वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं, म्हणजे महिन्याला सरासरी सव्वाशेच्या आत. दोन किलोवॉटमध्ये तुमचं वर्ष भागतं. पुढेमागे मुलगा सहकुटुंब परत येणार असेल, घरात एसी येणार असेल, तर तीन. पाच कशाला? चौथ्या-पाचव्या किलोवॉटला सबसिडीचा एक रुपया नाही, आणि वर तयार झालेली जास्तीची वीज तुम्हाला श्रीमंत करणार नाही. तिचा हिशेब असा असतो: दिवसा तुमच्या छपरावरून ग्रिडमध्ये, म्हणजे महावितरणच्या लाइनमध्ये, गेलेले युनिट तुमच्या नावावर जमा होतात आणि रात्री वापरलेल्या युनिटांतून वजा होतात. या महिन्याची शिल्लक पुढच्या महिन्यात जाते. पण ३१ मार्चला खातं बंद. तोवर वापरून न झालेल्या युनिटांचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, आणि तो दर आपण वीज विकत घेतो त्यापेक्षा बराच कमी असतो. आता गंमत बघा. फेब्रुवारी-मार्चचं ऊन कडक, आभाळ स्वच्छ, वापर कमी. शिल्लक तेव्हा फुगते. आणि पंखे, कूलर गरगरायला लागतात एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पाटी कोरी झालेली असते. म्हणून मे महिन्याच्या बिलाला घाबरून सोलर मोठं घेणाऱ्याला मार्चअखेरीस नुकसान होतं. वर्षाच्या बेरजेवरच माप ठरवा.

दहा किलोवॉटपर्यंतच्या घरगुती अर्जाला तांत्रिक तपासणीची वेगळी परवानगी लागत नाही, अर्ज मंजूर धरला जातो. २०२४ च्या सुधारित नियमांत तसं स्पष्ट आहे. ‘तुमचा मंजूर भार कमी आहे, साहेबांना भेटावं लागेल’ असं कोणी म्हणालं तर तेही ऐकू नका. लागेल तेवढा भार वाढवून देणं याच नियमात आलं.

गच्चीचं एक काम मात्र स्वतः करा, त्याला खडू पुरतो. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला वर जा आणि पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या नारळाची सावली जिथवर पडते तिथे खडूने रेघ ओढा. हे मार्गशीर्ष-पौषात केलंत तर उत्तम, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या सगळ्यात लांब पडतात. उन्हाळ्यात टाकीच्या पायाशी गोळा होऊन बसणारी सावली डिसेंबरात चार-पाच फूट पसरते. पॅनेलं एकामागून एक जोडलेली असतात, त्यामुळे एका पॅनेलच्या कोपऱ्यावर आलेली सावलीही सबंध रांगेचं उत्पादन ओढते. रेघांच्या बाहेर जी जागा उरेल ती तुमची. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट धरा, तोंड दक्षिणेला. वाळवणाला, पापडाला जागा हवी असेल तर एजंटला आधीच सांगा; उंच स्ट्रक्चर करता येतं, त्याचे पैसे वेगळे पडतात.

प्रश्न: ‘मुफ्त बिजली’ म्हणजे सरकार महिन्याला ३०० युनिट फुकट देणार ना? मग छपरावर पॅनेल कशाला?
— द. शि., फलटण

उत्तर: नाही देणार. तुमच्या छपरावर तयार होईल ती वीज तुमची, तीन किलोवॉटला ती महिन्याला सरासरी ३०० च्या पुढे जाते, म्हणून तो आकडा. सरकार देतं ती पॅनेल बसवायच्या खर्चातली मदत.

प्रश्न: माझ्याकडे तीन किलोवॉटची दोन कोटेशनं आली आहेत. पहिला १ लाख ९५ हजार म्हणतो आणि सबसिडी तुमच्या खात्यात येईल म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘तुम्ही फक्त ९० हजार द्या, सबसिडी आमची आम्ही बघून घेतो, फक्त ओटीपी आला की सांगा आणि एक कोरा चेक द्या.’ दुसरा स्वस्त वाटतो.
— बा. क., लातूर

उत्तर: दादा, स्वस्त वाटतो खरा. ९० आणि ७८ मिळून १ लाख ६८ हजार. पहिल्यापेक्षा २७ हजार कमी. हे २७ हजार त्याने कुठे वाचवले, एवढंच विचारा.

माझा अंदाज दोन ठिकाणांवर आहे. एक, पॅनेल. सबसिडीसाठी पॅनेल ‘डीसीआर’ असावं लागतं, म्हणजे पॅनेलही भारतात बनलेलं आणि त्यातले सेलही भारतात बनलेले. बाहेरच्या सेलचं पॅनेल बाजारात बरंच स्वस्त मिळतं, दिसायला तसंच, वीजही देतं. पण त्यावर सबसिडी नाही. दोन, स्ट्रक्चर आणि अर्थिंग. पातळ पाइप, वर चंदेरी रंग मारून दिला की गॅल्व्हनाइज्ड म्हणून खपतो. अर्थिंगचे तीन खड्डे हवेत: डीसी म्हणजे पॅनेलच्या बाजूला एक, एसी म्हणजे घरच्या सप्लायच्या बाजूला एक, आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाला एक. कित्येक ठिकाणी एकच खड्डा करून तिन्ही पट्ट्या त्यात सोडलेल्या मी बघितल्यात, आणि ते करणारी पोरं माझ्याच वर्गात बसलेली होती. त्यांना येत नाही असं नाही. मालक वर चढून बघत नाही हे त्यांना ठाऊक असतं.

म्हणून वर चढा. पॅनेल स्ट्रक्चरवर आवळायच्या आधी उलटी करून प्रत्येकाच्या पाठीवरचा स्टिकर मोबाइलने टिपून ठेवा: कंपनी, वॉट, अनुक्रमांक. हेच अनुक्रमांक योजनेच्या पोर्टलवर भरले जातात. एकदा बसवल्यावर पाठीशी जाऊन वाचायला मान मोडून घ्यावी लागते. आणि गणित करा. ५४० वॉटची पाच पॅनेलं म्हणजे २.७ किलोवॉट, त्याला तीनचा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारी पेटी) लावला म्हणून ते तीन होत नाही. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतला जो आकडा लहान, त्यावर सबसिडी. २.७ ला ७२,६०० येतील, ७८ नाही. सहा पॅनेलं हवीत.

ओटीपी आणि कोरा चेक यावर तर बोलायलाच नको. पोर्टलवर नोंदणी तुमच्या मोबाइलवर, तुमच्या ईमेलवर करा. दुकानदाराचा नंबर टाकू देऊ नका, नाहीतर तुमचा अर्ज कुठवर पोचला हे तुम्हाला त्याला विचारत बसावं लागेल. नोंदणीला फी नाही. विक्रेता पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीतलाच हवा. सबसिडी सरळ ग्राहकाच्या खात्यात येते, विक्रेत्याच्या नाही. त्यामुळे ‘आम्ही बघून घेतो’ म्हणणाऱ्याला ती तुमच्या खात्यातूनच काढून घ्यावी लागणार, कोरा चेक त्याचसाठी.

याचा दुसरा अर्थ असा की आधी पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते, सबसिडी मागाहून. हाताशी पैसे नसतील तर सरकारी बँकांचं कर्ज आहे, तीन किलोवॉटपर्यंत दोन लाखांच्या आत, तारण लागत नाही, व्याज रेपो दर अधिक अर्धा टक्का. अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून होतो. पतसंस्थेचं किंवा विक्रेत्याने आणलेल्या फायनान्स कंपनीचं कर्ज घेण्याआधी या दराशी ताडून बघा.

पैसे टप्प्याने द्या. ऑर्डरला काही, माल गच्चीवर उतरल्यावर काही, आणि एक बऱ्यापैकी हप्ता नेट मीटर (आलेली आणि बाहेर गेलेली दोन्ही वीज मोजणारं मीटर) बसून सिस्टीम चालू झाल्यावर. तो शेवटचा हप्ता हातात असेपर्यंत फोन उचलला जातो. कोटेशनवर जीएसटी कसा लावलाय तेही बघा: २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सामान ७० आणि मजुरी-सेवा ३० अशा विभागणीने एकूण कर ८.९ टक्के बसतो, पूर्वीचा १३.८ टक्के लावलेलं जुनं कोटेशन अजून फिरत असतं. करारात पाच वर्षांची देखभाल लिहिलेली हवी. ती योजनेचीच अट आहे, त्याची मेहेरबानी नाही.

पहिल्याचं कोटेशन १ लाख ९५ हजार आहे, ते थोडं घासाघीस करण्यासारखं आहे. करा.

प्रश्न: मागच्या महिन्यात सोलर बसलं. परवा भर दुपारी वीज गेली, कडक ऊन होतं, पॅनेल वर तळपत होती आणि घरात एक बल्ब लागेना. विक्रेता म्हणतो असंच असतं. आमची फसवणूक झाली का?
— अ. मो., परभणी

उत्तर: फसवणूक नाही, पण विकताना सांगायला हवं होतं. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे आहे तो ऑन-ग्रिड इन्व्हर्टर. तो महावितरणच्या सप्लायकडे बघून चालतो. बाहेरचं व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी त्याला दिसली तरच तो पॅनेलची वीज तिच्या सुरात मिसळतो. बाहेरचं दिसेनासं झालं की क्षणात स्वतःला बंद करतो. मुद्दाम तसा बनवलेला असतो.

कारण खांबावर आहे. तुमच्या गल्लीत फॉल्ट झाला, लाइनमनने ट्रान्सफॉर्मरचा स्विच पाडला, आणि तो शिडी लावून खांबावर चढला. त्याच वेळी तुमचं सोलर चालू राहून वीज बाहेर सोडत राहिलं तर ज्या तारेला तो मेलेली समजतोय ती जिवंत असते. एवढ्यावर थांबत नाही. वीज घराकडून ट्रान्सफॉर्मरकडे उलटी गेली तर तोच ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टचे पलीकडे ११ हजार करतो. वर्गात मी पोरांना पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट घोकून घ्यायचो: लाइन बंद आहे असं कोणी सांगितलं म्हणून हात लावायचा नाही; टेस्टर लावायचा, तार अर्थ करायची, मग हात. तरी माणसं जातात. त्यात घरोघरच्या सोलरची भर नको, म्हणून इन्व्हर्टरमध्ये ही सोय सक्तीची आहे. कोणी ‘एक वायर बदलून चालू करून देतो’ म्हणाला तर त्याला घरात घेऊ नका.

वीज गेल्यावरही चालणारं हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. खर्च बराच वाढतो, आणि सबसिडी बॅटरीसाठी वाढून मिळत नाही. परभणीत वीज किती वेळा, किती तास जाते ते तुम्हालाच ठाऊक. दिवसातून तास-अर्धा तास जात असेल तर घरातला जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर आहे तसा दोन पंखे आणि चार दिव्यांवर राहू द्या. सोलरचं काम बिल कमी करणं, अंधार घालवणं हे त्या जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचं काम.

प्रश्न: आमच्या दुकानाच्या मीटरवर सबसिडी मिळेल का? दुकान घराच्याच खाली आहे.
— एक वाचक, जालना

उत्तर: नाही. सबसिडी घरगुती वापराच्या जोडणीला. घराचं मीटर वेगळं असेल तर त्यावर अर्ज करा. आणि पूर्वी त्या घराला सोलर पॅनेलची कुठलीही सबसिडी मिळालेली नसावी.

प्रश्न: आमची चोवीस फ्लॅटची सोसायटी. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, गच्ची सगळ्यांची. मला एकट्याला पॅनेल लावता येईल का? सेक्रेटरी म्हणतात, एकाला दिलं की सगळे मागतील.
— नि. प., नाशिक

उत्तर: सेक्रेटरींचं म्हणणं बरोबर आहे. चोवीस जणांना तीन-तीन किलोवॉट म्हणजे सात हजार चौरस फुटांच्या वर जागा लागेल, तेवढी गच्ची तुमच्याकडे नसणार. सोसायटीने लेखी परवानगी देऊन जागा ठरवून दिली तर एकट्याचा अर्ज होऊ शकतो. पण माझा सल्ला, ती भांडणं लावून घेऊ नका. सोसायटीच्या सामाईक मीटरवर, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गाडी चार्जिंग यांच्यासाठी, सबसिडी किलोवॉटला १८ हजार आहे. मर्यादा घरटी तीन किलोवॉट आणि एकूण ५०० किलोवॉट. दहा किलोवॉटला १ लाख ८० हजार येतील. सर्वसाधारण सभेत ठराव करा, सामाईक मीटरचं वर्षाचं बिल सभेत वाचून दाखवा. मेंटेनन्स कमी होणार म्हटलं की विरोधकही हात वर करतात.

प्रश्न: सोलर बसून, मीटर लागून तीन महिने झाले. सबसिडी आली नाही. विक्रेता म्हणतो वरून येईल.
— सं. दे., अमरावती

उत्तर: वरून आपोआप येत नाही, मागावी लागते. तुमच्या लॉगिनमध्ये जा आणि अर्ज कुठल्या पायरीवर थांबलाय ते बघा. अर्ज, विक्रेत्याची निवड, बसवणी, तपासणी आणि नेट मीटर, कार्यान्वित झाल्याचा अहवाल. आणि यानंतर ग्राहकाने स्वतः बँकेचा तपशील भरून, रद्द केलेला चेक जोडून सबसिडीची मागणी नोंदवायची असते. ती नोंदवल्यावर साधारण तीस दिवसांत पैसे येतात. बऱ्याच घरांत ही शेवटची पायरी राहून गेलेली असते, कारण बसवणाऱ्याचं काम आधीच्या पायरीवर संपतं आणि त्याचे पैसे वसूल झालेले असतात.

मागणी नोंदवूनही आले नसतील तर पासबुक काढा. अर्जावरचं आणि खात्यावरचं नाव जुळतं का? चेक जुना आहे का? २०१९-२० मध्ये कितीतरी सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या आणि शाखांचे आयएफएससी कोड बदलले; कपाटातलं जुनं चेकबुक मात्र तेच राहिलं. खातं बरेच दिवस न वापरल्याने बंद पडलंय का, केवायसी राहिलंय का, हे बँकेत जाऊन विचारा. यातलं काहीच नसेल तर पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तोंडी विचारपूस करत फिरण्यात अर्थ नाही.

प्रश्न: आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी, महिन्याला ६०-७० युनिट जळतात. आमच्यासारख्यांनी या फंदात पडावं का?
— गो. वि., पाटण तालुका

उत्तर: काका, तुमच्यासाठी वेगळी सोय झालेली आहे. महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ नावाची योजना आणली. एक किलोवॉटचं सोलर धरायचं. केंद्राचे ३० हजार आहेतच, त्यावर राज्याचे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५ हजार आणि इतरांना १० हजार. खर्च ५० हजार धरला तर तुमच्या खिशातून अनुक्रमे अडीच, पाच किंवा दहा हजार. या भावात घ्यायला हरकत नाही. तुमच्याच तालुक्यातली मान्याचीवाडी हे राज्यातलं पहिलं सौरग्राम. तिथल्या एखाद्या घरी जाऊन बिलं बघून या, मी सांगण्यापेक्षा ते बरं. नातवाला बरोबर न्या, पोर्टल त्यालाच भरायचंय.

प्रश्न: घर कौलारू, समुद्रापासून जवळ. पॅनेल टिकतील?
— म. ठा., श्रीवर्धन

उत्तर: पॅनेल टिकतात, लोखंड टिकत नाही. खारी हवा बोल्टपासून खायला सुरुवात करते, म्हणून नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे आणि पाइप कापल्यानंतर उघड्या पडलेल्या तोंडांना झिंकचा लेप, एवढं करारात लिहून घ्या. कौलांवर थेट पॅनेल ठेवायला माझं मन घेत नाही. वासे जुने असतात, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने तुमच्या भागातली छपरं कशी उचलली ते तुम्ही बघितलंय. मागल्या दाराला न्हाणीघराचा किंवा पडवीचा स्लॅब असेल तर तिथे बसेल तेवढंच बसवा, मग ते एक किलोवॉट का असेना. कोकणात पावसाळ्याचे चार महिने उत्पादन निम्म्यावर येतं, ते धरूनच हिशेब करा. नारळाखाली तर मुळीच नको.

प्रश्न: सोलरनंतरच्या बिलावर वापर शून्य युनिट दाखवलाय, तरी पैसे भरायला लावलेत. तक्रार करू का?
— कु. भो., तासगाव

उत्तर: तक्रारीआधी बिलाची मागची बाजू वाचा. स्थिर आकार जोडणीचा असतो, तो युनिट शून्य झाले तरी लागतो. वीज शुल्क त्यावरही बसतं. तेवढीच रक्कम असेल तर बिल बरोबर आहे. वीज आकार किंवा वहन आकाराच्या रकान्यात काही दिसत असेल तर मात्र मीटरवरचे आयात-निर्यातीचे आकडे बिलावरच्या आकड्यांशी ताडून बघा. नेट मीटरचा पडदा बदलत राहतो. आयात आणि निर्यात दोन्ही आकडे येईपर्यंत थांबा, दोन्हींचे फोटो काढा आणि रीडिंगच्या तारखेच्या आसपास दर महिन्याला काढत जा. फरक निघाला तर ते फोटो घेऊन कार्यालयात जा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.